घरटी एक लाकूड

आमच्या किनाऱ्यावर पावसाळा सरला की समुद्र एखाददुसरं मढं बाहेर टाकतो. कुणाचं कोण, काही पत्ता नसतो. पंचनामा करायचा, वारस येतो का वाट बघायची, नाही आला तर सरकारी लाकडं घालून जाळायचं. सगळीकडचे पोलीस एवढंच करतात. तांडेल साहेब ज्या ठाण्यात असत तिथे मात्र सरकारी लाकडांआधी त्यांचा हुकूम सुटायचा, ‘घरटी एक लाकूड.’ म्हणजे शिपायापासून फौजदारापर्यंत प्रत्येकाने आपल्या घरून एक लाकूड, स्वतःच्या खांद्यावरून, मसणवटीत न्यायचं. गड्याच्या डोक्यावर दिलेलं चालत नसे.

आमच्या बायका करवादायच्या. माझी बायको तर तोंडाची फटकळ. एकदा तिने मुद्दाम आंब्याचं भिजकं ढलपं काढून दिलं आणि म्हणाली, “न्या. धूर तरी जाऊ दे तुमच्या साहेबाच्या डोळ्यांत.” साहेबांनी ते हातात घेतलं, नुसतं तोलून बघितलं आणि परत दिलं.

“जमादार, ओलं आहे. ओल्याने माणूस जळत नाही. सुकं आणा.”

गेलो परत दीड मैल, चरफडत. मनात म्हटलं, हा माणूस वेडा आहे. वेडा नव्हता. त्या लाकडाला कारण होतं, आणि ते कळल्यावर मी एकदाही ओलं लाकूड नेलं नाही.

मी वरच्या भातशेतीतल्या गावचा. समुद्र आम्हाला लांबून दिसायचा, मासळी बाजारात भेटायची, तेवढाच संबंध. साहेब जातीचे कोळी. हिराजी रामा तांडेल. बोर्ली पंचतनच्या बाजारातून खाली उतरलं की खाडीच्या तोंडाशी कोंडबंदर नावाची वस्ती लागते, तिथले. बुटके, काळे, मनगटं अशी जाड की घड्याळाचा पट्टा त्यांना पुरायचा नाही, म्हणून घड्याळ खिशात. आवाज कधी चढायचा नाही. शिवी तर मी ऐकलीच नाही त्यांच्या तोंडून, आणि पोलीस खात्यात शिवी न देणारा अधिकारी म्हणजे काय दुर्मीळ चीज, ते मी तुम्हाला सांगायला नको. मुंबईत फौजदार म्हणून लागले, इन्स्पेक्टर होऊन अलिबागला आमच्याकडे आले, मध्ये घाटावर जाऊन बढत्या घेतल्या आणि शेवटी डी.एस.पी. होऊन पुन्हा अलिबागलाच बसले. स्वतःच्या जिल्ह्यात बदली सहसा देत नाहीत. यांनी दोन्ही वेळा कशी मिळवली देव जाणे. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “मागत राहिलं की देतात, जमादार. कंटाळून देतात.”

त्यांच्या हातात सरकारी छडी नसे. हातभर लांबीचा एक काळपट दांडका असे. सागाचा, एका टोकाला जुन्या खिळ्याचं भोक, आणि मधोमध हाताने घासून घासून गुळगुळीत झालेला. जेवायला बसले तरी शेजारी, जीपमध्ये बसले तरी शेजारच्या सीटवर. नव्या आरोपीची नजर आधी त्या दांडक्यावर जायची आणि तो आपोआप मागे सरकायचा. पण तो दांडका कुणाच्या पाठीत बसलेला मी कधी पाहिला नाही. एकदा एका नव्या शिपायाने हुशारी केली, चोराला हाणायला तो उचलला. साहेबांनी त्याचा हात धरला.

“ठेव खाली. याचं काम एकदाच आहे.”

कसलं काम, हे विचारायची छाती कुणाची? मी विचारलं. माझा स्वभावच तसला, जीभ राहत नाही. हरिहरेश्वरला महाशिवरात्रीचा बंदोबस्त होता, दुपारची गर्दी ओसरली होती, आम्ही खडकावर डबा सोडून बसलो होतो. साहेबांनी भाकरी संपवली, हात धुतले आणि सांगितलं. सांगताना समुद्राकडे बघत होते, माझ्याकडे नाही.

कोंडबंदरच्या गावकीचा म्होरक्या पोशा नाखवा. त्याच्या शब्दाबाहेर वस्तीत कुत्रं भुंकत नसे. एका वर्षी वाऱ्याचं लक्षण वाईट असताना याने आपली होडी जबरदस्तीने बाहेर काढायला लावली आणि त्यात एक खलाशी बुडाला. चौकशीला माणसं आली तेव्हा सगळं गाव म्हणालं, दर्या अचानक खवळला. एकट्या रामा तांडेलाने, साहेबांच्या बापाने, खरं सांगितलं. “दर्या आदीच खवलला व्हता. त्यो जात न्हवता, याने धाडला.” झालं. दुसऱ्या दिवशी गावकी बसली आणि रामाचं घर वाळीत पडलं.

वाळीत म्हणजे काय, हे वाळीत न पडलेल्याला कळत नाही. मारहाण नाही, शिवी नाही. विहिरीवर रामाची बायको गेली की बाकीच्या बायका हंडे उचलून चालू लागायच्या. रामाची मासळी कुणी लिलावात घेईना. चूल विझली तर विस्तव कुणी देईना. शेजारच्या सोनीने एकदा दया येऊन करवंटीतून चार निखारे दिले, तर गावकीने दुसऱ्या दिवशी सोनीचंच घर वाळीत टाकलं. नियमच तो. वाळीत पडलेल्याला जो देईल किंवा त्याच्या हातचं घेईल, तो आपोआप वाळीत. त्यात चर्चा नाही, सुनावणी नाही. सोनीच्या नवऱ्याला पंचांसमोर नाक घासावं लागलं तेव्हा त्यांना परत घेतलं. पुन्हा तिने तांडेलांच्या दाराकडे बघितलं नाही.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी रामा मेला. हिराजी मुंबईत नवा फौजदार. निरोप मिळाला तसा लाँचने धावत आला. गावात रिवाज होता, कोणीही मेलं तरी घरटी एक लाकूड यायचं. वैर असो, कोर्टकचेरी असो, मेलेल्याला लाकूड चुकत नसे. त्यात माया नसेल, पण रीत होती. बाप ओटीवर ठेवलेला आणि हा दारात उभा. एक लाकूड आलं नाही. हा घरोघर गेला. दारं लोटलेली. शेवटी पोशाच्या अंगणात गेला. पोशा जाळं विणत बसला होता. हिराजी म्हणाला, “काका, लाकूड नको देऊस. कुऱ्हाड तरी दे, मी तोडतो.”

पोशाने जाळ्यातून मान वर केली नाही. वाळीत पडलेल्याशी बोलायचं नसतं ना!

“मग?” मी विचारलं.

“मग काय? बापाची होडी होती किनाऱ्याला. नांगराचा दगड घेऊन फोडली.”

दगडाने होडी फोडायची म्हणजे काय चेष्टा आहे? सागाच्या फळ्या, पोलादासारख्या. आई शेजारी बसून निघतील त्या फळ्या ओढत होती. सकाळी सुरू केलं ते सूर्य कलला तरी चालूच. गाव लांबून बघत होतं. होडीवर बाप जळला. सुकाणूचा दांडा तेवढा साहेबांनी बाजूला काढून ठेवला.

“हा तो,” साहेब म्हणाले आणि दांडका मांडीवर घेतला. “पोशा मरेल ना जमादार, तेव्हा त्याच्या चितेला एक लाकूड मिळता कामा नये. मला आयुष्यात एवढंच पाहिजे. बाकी हुद्दा, पगार, सलाम, ते मिळतंच आहे.”

मी म्हटलं, साहेब, देव आहे, तो बघेल. ते म्हणाले, “देव बघेलच. मलाही बघायचंय.”

खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. आणि लपवत कशाला, मला बरंही वाटलं. माझा बाप असता तर मीही हेच म्हटलं असतं.

साहेबांना वाळीत टाकण्याची ताकद आतून ठाऊक होती, आणि ती त्यांनी पोलिसी कामात कशी वापरली ते बघा. तेव्हा दारूबंदी होती. खाडीच्या आडोशाने हातभट्ट्या लावणारा एक नंबरी इसम आम्ही पकडला. मार खायला सरावलेला. शिपायांनी दम दिला की हसायचा, वर म्हणायचा, “जोरात मारा, दादा, खाज जात न्हाय.” साहेब आले, त्याच्याकडे बघितलं आणि ठाण्यात सगळ्यांना सांगितलं, “याच्याशी कोणी बोलायचं नाही. जेवण द्या, पाणी द्या, बिडी द्या. पण बोलायचं नाही आणि त्याच्याकडे बघायचं नाही. तो इथे नाहीच.”

पहिल्या दिवशी गडी गाणी म्हणत होता. दुसऱ्या दिवशी ओरडायला लागला. मग आमच्या आयाबहिणी काढल्या. आम्ही दाढ्या करतोय, पत्ते खेळतोय, त्याच्या समोरून जातोय येतोय. मी ताट सरकवायला गेलो तर त्याने माझा हात धरला आणि रडायला लागला. “जमादार, निदान शिवी तरी घाल रे!” सगळ्या भट्ट्या दाखवल्या त्याने. साहेबांनी मग त्याला चहा पाजला, स्वतः समोर बसून. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “दोन दिवसांत मोडला. माझ्या आईने किती वर्षं काढली, हिशेब करा.” असा तो माणूस. त्याच्या डोक्यात दुसरं काही चालतच नसे.

आणि हे म्हातारीचं प्रकरणच पुढे कोर्टात गेलं. आई साहेबांच्याबरोबर राहायची, पण शिमग्यात देवीची पालखी घरोघर जाते म्हणून दरवर्षी हट्टाने कोंडबंदरला जायची. घर झाडायची, दारात रांगोळी काढायची, खणनारळ घेऊन उंबऱ्यात उभी राहायची. पालखी शेजारच्या सोनीच्या दारात नाचायची, मग यांचं दार सोडून पलीकडच्या दारात. दरवर्षी. म्हातारी नारळ परत पिशवीत घालायची आणि आल्यावर मुलाला सांगायची, “औंदा गर्दी व्हती रे, राहून गेला असंल.”

मुंबई सरकारने तोवर वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा केला होता. साहेबांनी आईला फिर्याद द्यायला लावली. तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे, साहेब लांब राहिले. अलिबागच्या कोर्टात अख्खं कोंडबंदर लोटलं. आम्हाला वाटलं, आता पोशा खडी फोडायला जातो. कसला जातो! पोशा पिंजऱ्यात उभा राहिला, पांढरी शुभ्र टोपी, गळ्यात तुळशीची माळ, आणि देवीची आण घेऊन म्हणाला,

“वाळीत? आमी कोनालाच वाळीत टाकला न्हाय, सायब. हिराजी आमचाच हाय. आमच्याच गावचा, आमच्याच घरचा पोर. त्याची आय माजी भावज लागते.”

मग एकामागून एक साक्षीदार. सगळ्यांचं एकच, हिराजी आमचाच. सोनीसुद्धा म्हणाली, पदर तोंडाला लावून. पालखीचं विचारलं तर म्हणाले, त्या गल्लीत चिखल असतो. चिखल! फाल्गुनात! मॅजिस्ट्रेटने सगळ्यांना सोडलं. आणि कोर्टाच्या पायऱ्या उतरताना म्हातारी समोर आली, तर तिच्या घरच्या पोराला आपलं म्हणणारे सगळे हंडे उचलल्यासारखे बाजूला झाले. पोशाने तर हसून टोपी सारखी केली. माझं डोकं असं फिरलं! मी म्हटलं, साहेब, हुकूम करा, एकेकाला आत घेतो, कारणं मी शोधतो.

“नको,” साहेब म्हणाले. “आण घेऊन बोललेत. असू दे. लक्षात ठेवा जमादार, काय म्हणाला तो? हिराजी आमचाच.”

म्हातारी अलिबागलाच वारली. तिच्या चितेला ठाण्यातून घरटी एक लाकूड आलं. मी आंब्याचं सुकं खोडच नेलं होतं, खांदा सोलून निघाला. साहेब कोंडबंदरच्या दिशेने बघत उभे होते. तिकडून कोणी येणार नव्हतंच.

मग त्यांची बदली झाली, वर्षं गेली. डी.एस.पी. होऊन परत आले तेव्हा केस पांढरे, पण दांडका तोच. मला हुडकून बरोबर घेतलं. मधल्या काळात वाळीत टाकण्याविरुद्धचा तो कायदाच दिल्लीच्या मोठ्या कोर्टात रद्द झाला होता. मी हळहळलो. म्हटलं, संपलं आता, हातात काही राहिलं नाही. साहेब जीपच्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, “सरकारचा कायदा मेला. गावाचा आहे ना जिवंत?”

मला तेव्हा अर्थ लागला नाही.

पुढच्या शिमग्यानंतर थोड्याच दिवसांत बोर्लीच्या ठाण्यातून फोन आला. पोशा नाखवा पहाटे गेला. साहेब हातातलं काम टाकून उठले. वाटलं, वर्दी चढवतील, पट्टे लावतील, दणक्यात जातील. बाहेर आले ते कोळ्याच्या वेशात. कमरेला रुमाल, अंगात बंडी, डोक्याला लाल टोपी, पाय अनवाणी. जिल्ह्याचा पोलीसप्रमुख! ड्रायव्हर बघतच राहिला.

“साहेब, वर्दी?”

“वर्दीतल्या माणसाचं भीतीने घेतील. गावकऱ्याचं गावकरी म्हणून घेतलं पाहिजे.” आणि मागे वळून म्हणाले, “गाडीत कुऱ्हाड टाका एक. चांगली धारेची.”

कोंडबंदरच्या मसणवटीत पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. ओहोटी लागलेली. पोशाचं प्रेत वाळूत तिरडीवर, आणि घरटी एक लाकूड आलेलं, चिता अर्धीअधिक रचलेली. म्होरक्याचीच चिता, लोकांनी लाकडं निवडून आणलेली. साहेबांना कुणी आधी ओळखलं नाही. ओळखलं तेव्हा गर्दी दुभंगली, पण बोललं कोणी नाही. त्यांची सवय ती.

साहेब सरळ पोशाच्या मुलासमोर उभे राहिले. पांडू त्याचं नाव. डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले. साहेबांनी दांडका दोन्ही हातांवर आडवा धरून पुढे केला आणि गावच्या बोलीत म्हणाले,

“घरटी एक लाकूड. तांडेलाच्या घरचा घे.”

पांडू दांडक्याकडे बघतो, पंचांकडे बघतो. हात पुढे येईना. महादू चौगुला म्हणून पोशाचा उजवा हात होता, तोच आता गावकी चालवणार हे सगळ्यांना माहीत होतं. तो मान हलवून नको नको म्हणत होता.

“काय रे, कचरतोस कशाला?” साहेब म्हणाले. आवाज चढला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेला. “तुज्या बापाने अलिबागच्या कोर्टात देवीची आन घेतली व्हती. हिराजी आमचाच. हे सगले व्हते तिथं. आता मी गावचा न्हाय म्हनायचं, तर तुजा बाप देवीची आन घेऊन खोटं बोलला. बोल. त्याच्या मढ्यासमोर बोल, माजा बाप खोटारडा व्हता, मी जातो परत.”

तेव्हा मला कळलं. तो मुलगा त्या क्षणी कुठल्या कात्रीत सापडला होता ते तुम्हीच बघा. बाप समोर पडलेला, त्याला खोटारडा म्हणायचं? पोशा माणूस कसाही असो, पांडूचा बापच होता. त्याच्या गळ्यातून हुंदका आला, त्याने दोन्ही हात पुढे केले, दांडका घेतला आणि बापाच्या चितेवर ठेवला.

 

महादू चौगुला पुढे आला.  “पांडू, काय केलास रे? वाळीतल्या घरचा घेतलास?” मग सगळ्यांकडे बघून म्हणाला, “नियम म्हंजे नियम. पोशाकाकानंच घालून दिलेला हाय.” आणि वाकून त्याने चितेवरचं आपल्या घरचं लाकूड उचललं.

दुसऱ्याने उचललं. मग तिसऱ्याने. प्रत्येकाला एकच धास्ती, आपलं लाकूड त्या चितेवर राहिलं तर उद्या आपली चूल वाळीत. कोणी पांडूकडे बघेना, खाली बघत येत, आपापलं लाकूड ओळखून काढत आणि खांद्यावर टाकून वर चालू लागत. सोनी म्हातारी झाली होती, तिने नातवाकडून काढवलं. जाताना साहेबांसमोर क्षणभर थबकली आणि गेली. साहेब हाताची घडी घालून उभे होते. एक शब्द बोलले नाहीत, एका माणसाला अडवलं नाही. त्यांनी केलं काय होतं? एक लाकूड दिलं होतं.

शेवटी वाळूवर ती तिरडी, पांडू, पोशाची बायको, आणि चितेच्या जागी तो एकटा दांडका.

पोशाची बायको उठून साहेबांसमोर आली. पाठीतून वाकलेली, कुंकू पुसलेलं. म्हणाली, “झाला समाधान, हिराजी?”

“न्हाय, काकी,” साहेब म्हणाले.

आणि मला खूण केली. मी जीपमधून कुऱ्हाड आणली. साहेबांनी ती पांडूच्या पायाशी वाळूत ठेवली.

“तुज्या बापाकडे मी मागली व्हती,” ते म्हणाले, “त्याने दिली न्हाय. मी देतो.”

पांडूने कुऱ्हाडीकडे बघितलं, मग वरच्या अंगाला ओढून ठेवलेल्या आपल्या होडीकडे. नवी होडी होती, पुढच्या टोकाला डोळे रंगवलेली. त्याला सांगावं लागलं नाही. कुऱ्हाड उचलून तो तिकडे चालू लागला, आणि पहिला घाव पडला तेव्हा त्याच्या आईने असा टाहो फोडला की मी तोंड फिरवलं. साहेबांनी फिरवलं नाही. बघत राहिले. एक घाव, दुसरा, तिसरा. मग वळले आणि जीपमध्ये येऊन बसले.

मला विचाराल तर बरं केलं. लोक म्हणतात, मेलेल्यावर कसला सूड. अहो, रामा तांडेल काय जिवंत होता तेव्हा? सहा-सात वर्षं झाली या गोष्टीला, मी अजून तेच म्हणतो. त्या दिवसानंतर कोंडबंदरात कुणाला वाळीत टाकल्याचं माझ्या कानावर नाही. म्होरकेपण घ्यायला कोणी पुढे होईना असं म्हणतात. पण हे मी माझ्या समाधानासाठी सांगतो आहे. साहेबांनी ते गावाच्या भल्यासाठी मुळीच केलं नव्हतं, आणि तसं कोणी म्हटलेलं त्यांना चाललंही नसतं.

परतीच्या वाटेवर बोर्लीचा बाजार गेला, घाटी आली. मी मागे बसून साहेबांच्या मानेकडे बघत होतो. वाटलं, आता तरी हसतील, आता तरी सैल बसतील. घाटी उतरल्यावर म्हणाले,

“तळावर घाव घालत होता, जमादार.”

“जी?”

“पांडू. होडीच्या तळावर घालत होता. तळ पाणी पिऊन बसलेला असतो, ओला. तो जळत नाही. आधी वरच्या फळ्या काढायच्या असतात.” मग म्हणाले, “मीही पहिल्यांदा तळच फोडत बसलो होतो. अर्धा दिवस त्यात गेला.”

“मग साहेब, सांगायचं होतं त्याला.”

ते वळले. एवढ्या वर्षांत त्यांच्या डोळ्यांत मी पाणी बघितलं ते तेव्हाच.

“मला कोणी सांगितलं होतं?” ते म्हणाले.

अलिबागला बंगल्याच्या दारात गाडी थांबली. दुसऱ्याच दिवशी मी बदलीवर पेणच्या ठाण्यावर गेलो, मग ते निवृत्त होऊन मुंबईला मुलीकडे गेले. पुन्हा भेट नाही. म्हणून ते मला दिसतात ते तसेच, कमरेला रुमाल, अनवाणी, जीपमधून उतरताना. उतरायच्या आधी त्यांनी नेहमीसारखा शेजारच्या सीटवर हात टाकला. हात सीटवर फिरला, खाली फटीत गेला, पुन्हा वर आला. ड्रायव्हर सांगायला तोंड उघडत होता, मी त्याला डोळ्यांनी दाबलं. मग साहेबांना आठवलं असावं. त्यांनी तो हात बंडीच्या खिशात घातला आणि आत गेले.